टाळी, उतरल्यावर

आमच्या उज्जैनात श्रावण दोनदा येतो. शेजारच्या भाभींचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. आम्हा मराठी माणसांचा त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या उलटल्यावर. त्यांचे सोमवार निम्मे होत आलेले असतात तेव्हा कुठे आमच्या घरी जिवतीचा कागद भिंतीला चिकटतो. महाकाल मात्र कुणालाच नाराज करत नाही, त्याच्या पालखीची सवारी दोन्ही पंचांगांचे सोमवार धरून निघते. लहानपणी मला याचा केवढा तोरा होता! बाकीच्या जगाला एक श्रावण, आम्हाला दीड. आता वाटतं, अर्धासुद्धा पुष्कळ झाला असता.

कारण हवेला ओल आली की माझ्या जुन्या स्कूटरच्या सीटमधून एरंडेल तेलाचा वास यायला लागतो. उन्हाळाभर तो कुठे दडून बसतो कोण जाणे. पण सावन लागला, फ्रीगंजमधल्या दुकानांवर भगवे टीशर्ट लटकले, बाहेरगावच्या गाड्यांनी रस्ते तुंबले, की एका सकाळी दूध आणायला म्हणून स्कूटर काढतो आणि तो वास बरोबर येऊन बसतो. मागच्या सीटवर. जिथे माझी मुलगी बसायची तिथे.

केतकीची आई म्हणते, "अहो, सीट कव्हर बदलून घ्या ना एकदा."

मी म्हणतो, "घेतो." आणि घेत नाही.

केतकी शाळकरी असल्यापासून मल्लखांब करायची. पहाटे मी तिला आखाड्यात सोडायचो, तास-दीड तास तिथेच कट्ट्यावर पेपर वाचत बसायचो आणि परत आणायचो. मग आंघोळ, शाळा, माझी बँक. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, नाहीतर अंगाची सालटी निघतात. ते तेल तिच्या कपड्यांना, कपड्यांचं सीटला, असं करत करत आमच्या घराचाच तो वास झाला. पोह्यांनासुद्धा एरंडेलाचा वास येतो अशी तिची आई कुरकुरायची, आणि रोज तिच्या पाठीला हळद लावायची.

आखाडा नानांचा. नाना म्हणजे तिथले गुरुजी. कापडगिरणीत नोकरीला होते. गिरणी बंद पडली, आखाडा पडला नाही. मुलींनी फक्त दोरीचा मल्लखांब करायचा हा जुना दंडक त्यांनीच मोडला आणि पोरींना खांबावर चढवलं. त्यावरून आमच्याच समाजातली माणसं त्यांच्याशी भांडली होती. नानांनी कुणालाच उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी आणखी दोन पोरी खांबावर चढवल्या.

त्या आखाड्यात एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. कुणी खांबावर असलं की खाली बसलेल्या पोरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं. वर काहीही होवो, टाळी नाही, वाहवा नाही. खांबावरचा माणूस खाली उतरला, पाय जुळवून सरळ उभा राहिला, की मगच हात सोडवायचे आणि टाळी वाजवायची. नवीन आलेले आईबाप मध्येच टाळ्या पिटायचे, तेव्हा नाना मान न वळवता म्हणायचे, "वर जायला जोर लागतो, खाली यायला अक्कल. आपल्याकडे टाळी अकलेला." हळूहळू आम्ही बापमंडळीही कट्ट्यावर हात मांड्यांखाली घालून बसायला शिकलो. बँकेतला माझा साहेब एकदा मला तसा बसलेला पाहून विचारत होता, थंडी वाजते का म्हणून.

केतकीला एकच गोष्ट हवी होती. खांबाच्या टोकाला लाकडाचा एक गोळा असतो, त्याला बोंड म्हणतात. त्याच्यावर तळहात कसाबसा मावतो. त्या बोंडावर एका हाताने मयूरासन. कोपर पोटात रुतवायचं, आणि अख्खं शरीर जमिनीला समांतर, आडवं, एका हातावर. आमच्या आखाड्यात दोन हातांनी करणारे होते, एका हाताने कुणीच करत नव्हतं. तिच्या पोटावर कोपराचा काळानिळा डाग पडला होता, तो दोन वर्षं गेला नाही. तिची आई म्हणायची, लग्नात काय सांगायचं याबद्दल? केतकी म्हणायची, सांग, माझं मेडल आहे. ते मेडल कुणी तरी बघावं, खरं मानावं, एवढीच तिची भूक होती. सतरा वर्षांच्या मुलीची ती भूक मला फार मोठी वाटली नाही, आजही वाटत नाही.

आता नितीनचं सांगायला हवं. नितीन नानांचा पुतण्या. इंदूरला व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स करून आला होता. पोरगा वाईट नव्हता, हे मी दात ओठ खाऊन का होईना, लिहितो. आखाड्याचं छप्पर गळत होतं, पोरं कमी होत चालली होती, आणि काकांनी उभं आयुष्य घातलेली जागा लोकांनी बघावी असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने केतकीचं दोन हातांचं मयूरासन मोबाईलवर घेतलं, मला दाखवलं आणि खांदे उडवले.

"काका, यात काही होतच नाही ना. मुलगी आडवी आहे, बस. लोग आगे बढ़ जाएँगे."

"अरे, न हलणं हेच त्यातलं अवघड."

"बरोबर आहे हो. पण अवघड दिसत नाही ना!"

त्या आषाढात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इंदूरला मुलीकडे गेले. नितीनला मोकळं रान मिळालं. मी बँकेत होतो, दुपारी पोरांनी काय उद्योग केला ते मला संध्याकाळी जेवताना कळलं. केतकी हसत हसत सांगत होती. आखाड्यात दोन खांब आहेत, एकमेकांपासून चांगले लांब. तिने जुन्या खांबाच्या टोकावरून मागे कोलांटी घेऊन गाद्यांच्या ढिगावर उडी मारली. मग कमरेला दोरी बांधून तिला वरून अलगद नव्या खांबाच्या बोंडावर उतरवलं. नितीनने मागे हिरवा पडदा लावला होता. त्याने गाद्या पुसल्या, दोरी पुसली, दोन तुकडे हवेतल्या हवेत जोडले. पाय टेकल्याचा आवाज त्याने पाटावर नारळ आपटून काढला, तो नारळ मग सगळ्यांनी फोडून खाल्ला. व्हिडिओत काय दिसत होतं, तर मुलगी एका खांबावरून उलटी उडते, हवेत फिरते आणि दुसऱ्या खांबाच्या टोकावर एका पायावर उभी राहते. तिथेच संपतं.

मी ताटावरून उठलो. "हे खोटं आहे."

"बाबा, गंमत आहे हो! सगळ्यांना कळेल ना, असं कोणी करू शकतं का?"

हेच तिचं चुकलं. तिला वाटलं, ज्याअर्थी अशक्य आहे त्याअर्थी कुणी खरं मानणार नाही. मल्लखांब करणाऱ्या माणसाचीच ही चूक, ज्याला शक्य आणि अशक्य यातली वीतभर जागा अंगाने माहीत असते. बाकीच्यांना ती जागा कुठे ठाऊक? त्यांच्या लेखी सगळंच सारखं नवल. नितीनने खाली 'गंमत म्हणून बनवलाय' असं लिहिलंही होतं म्हणे. पण कुठे, तर 'केवल उज्जैन में' आणि दहा-बारा फुलं, झेंडे, त्रिशूळ यांच्याही खाली. तिथवर कोण जातो?

सावन लागला आणि व्हिडिओ गावभर झाला. मग गावाबाहेर. टावर चौकातला पोहेवाला मला ओळखत नव्हता, आता लांबून हाक मारायला लागला, "आइए, पलटी वाली बिटिया के पापा!" भाभी आरतीचं ताट घेऊन आल्या, केतकीच्या कपाळाला टिळा लावला. महाराष्ट्रातून माझ्या चुलतभावाचा फोन आला, जो वडील गेले तेव्हाही आला नव्हता. मी प्रत्येकाला सांगायचो, अहो, ते खरं नाही. लोक हसून म्हणायचे, कितने सीधे आदमी हैं. खोट्याचं कौतुक होतंच, वर माझ्या विनयाचंही व्हायला लागलं. केतकीचं हसणं मात्र आठवड्याभरात थांबलं. ती मला स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा, लोक माझ्या पाया पडायला लागलेत. मला किळस येते."

नाना परत आले तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. कुणीतरी उत्साहाने त्यांना मोबाईल दिला. त्यांनी तो चांगल्या डोळ्याजवळ धरला, शेवटपर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं. ते म्हणाले, "बरं. मग उतरली कशी?"

नितीन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

नाना त्याला रागावले नाहीत. केतकीला म्हणाले, "नागपंचमीला एका हाताचं मयूर कर. या व्हिडिओला तेच उत्तर." आणि तेलाची बाटली घेऊन खांबाकडे गेले.

त्यानंतरच्या सकाळी मला सगळ्या एकच सकाळ असल्यासारख्या आठवतात. पत्र्यातून ठिबकणारं पाणी, खाली ठेवलेली घमेली, लांबून सवारीच्या सरावाचा ढोल, तेलाचा तो वास. केतकी वर जायची, हात टेकायची, दुसरा सोडायची आणि घसरायची. पुन्हा तेल पुसायची, पुन्हा वर. आणि मग एकदा तिने हात सोडला आणि काहीच झालं नाही. ती तिथे होती. आडवी, एका हातावर, डोळे समोर कुठेतरी. पत्र्यावरचं पाणीही थांबलंय असं मला वाटलं. माझे हात मांड्यांखाली सुन्न झाले होते. मग तिने दुसरा हात टेकला, पाय खाली घेतले, खांबाला अंग चिकटवत उतरली, पाय जुळवले. सगळ्या आखाड्याने हात सोडवले. ती टाळी मोठी नव्हती, दहा-पंधरा पोरं आणि आम्ही तीन-चार बाप, पण माझ्या कानांनी त्यानंतर काही तसं ऐकलेलं नाही. नाना पट्टी नसलेला डोळा पुसत होते. ते क्षण कुणीही मोबाईलवर घेतले नाहीत, नितीनलाही त्या दिवशी सुचलं नाही.

नागपंचमीला उज्जैनात पाय ठेवायला जागा नसते. नागचंद्रेश्वराचं दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडतं, त्याची रांग कुठून कुठे जाते. एका मंडळाने मैदानावर आखाड्यांचा कार्यक्रम ठेवला होता. दरवर्षी शे-दोनशे माणसं असायची, त्या वर्षी मैदान भरलं. ती सगळी गर्दी कशासाठी आली आहे हे मला ती पाहताक्षणीच कळलं.

केतकी खांबाला नमस्कार करून चढली. बोंडावर गेली. एक हात सोडला. तिथे होती ती, आडवी, स्थिर, तशीच. माझ्या शेजारचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "शुरू कब करेगी?"

मग मागून ओरडा सुरू झाला. "पलटी! पलटी!" शिट्ट्या. माईकवाला गृहस्थ गोड आवाजात म्हणाला, "बहुत सुंदर बिटिया, अब वो वाला, जिसके लिए सब आए हैं!" ती अजून वर होती हो. एका हातावर. तिला ते सगळं ऐकू येत होतं, आणि ती हलली नाही. मग नीट उतरली, घाई न करता, पाय जुळवले. पुढच्या सतरंजीवर आमच्या आखाड्याच्या पोरांनी हात सोडवून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या शिट्ट्यांत त्या कुणालाही ऐकू आल्या नाहीत.

केतकीने माईक मागून घेतला. मला वाटलं, नको, पोरी. पण ती बोलली, खणखणीत. "वो वीडियो सच नहीं है. वो मैंने नहीं किया. जोड़-जोड़ के बनाया है. अभी जो किया, वो सच है."

आधी हशा, मग "पैसा वापस!" अशी कुणाची तरी आरोळी, तिकीट नसताना. नाना व्यासपीठावर गेले, तिच्या खांद्यावर पंचा टाकला आणि तिला खाली आणलं. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "सांगून टाकलं, बाबा. मोकळं वाटतंय." मलाही वाटलं, चला, सुटलो. सत्यमेव जयते वगैरे जे काय शाळेत शिकवतात ते मी पस्तिशी-चाळिशी ओलांडूनही मानत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी तो दुसरा व्हिडिओ आला. गर्दीतल्या कुणीतरी केला होता, नितीनने नाही. आधी मयूरासन, अगदी स्वच्छ घेतलेलं. त्याला चिकटवून केतकीचा चेहरा, तिचाच आवाज, "सच नहीं है. वो मैंने नहीं किया. जोड़-जोड़ के बनाया है." शेवटचं वाक्य कापलेलं. खाली लोकांचे शेरे, 'हाथ के नीचे रॉड है', 'ध्यान से देखो', 'ख़ुद क़ुबूल कर लिया'. दोन वर्षं पोटावर डाग घेऊन जे एकच खरं केलं होतं, ते तिच्याच तोंडाने खोटं ठरवलं गेलं. हे करायला कात्रीचा एक घाव पुरला. हिरवा पडदाही लागला नाही.

नितीन घरी आला, दारातच उभा राहिला. "काका, मी पहिला वाला डिलीट केला." बैल गेला अन् झोपा केला. तोवर तो व्हिडिओ हजार मोबाईलांत गेला होता. मी त्याला आत ये म्हटलं नाही. केतकीनेच पाणी आणून दिलं.

पुढे निवड चाचणी होती, दुसऱ्या गावी. तिथले एक परीक्षक, भला माणूस, गमतीने म्हणाले, "बेटी, तुम वही रील वाली ना? यहाँ रस्सी-वस्सी नहीं चलेगी हाँ." सगळे हसले. विनोदच होता. केतकी वर गेली, सगळं ठीक केलं, आणि उतरताना पहिल्यांदाच तिचे पाय फाकले. उभी राहिली ती हात टेकून. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. दिवाळीआधीच तिने आखाडा सोडला. नाना घरी आले होते, म्हणाले, लहान पोरींना शिकव निदान. ती म्हणाली, "नाना, त्या मला विचारतात, पलटी कधी शिकवणार." नानांनी चहा घेतला आणि गेले.

आता ती इंदूरला नोकरी करते, कॉम्प्युटरसमोर. सुट्टीला घरी येते. पोटावरचा डाग गेला. आणि दर नागपंचमीला कुठून ना कुठून तो पलटीचा व्हिडिओ माझ्या मोबाईलवर येतो, 'उज्जैन की बेटी' म्हणून. यंदा तर माझ्याच जुन्या साहेबांनी पाठवला. त्यात माझी मुलगी अजूनही दुसऱ्या खांबाच्या टोकावर जाऊन उभी राहते आणि तिथेच संपते.

यंदा नागपंचमीला केतकी घरी होती. सकाळी मी विचारलं, "येतेस आखाड्यात? खांबाची पूजा आहे." ती दिंडांसाठी पुरण वाटत होती. मान हलवली, नाही. मी एकटाच गेलो.

नाना खुर्चीवर बसूनच पूजा करतात आता. पोरं आहेत, बऱ्यापैकी. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी बोंडावर गेली आणि दोन हातांचं मयूरासन तिने झकास धरलं. तिची आई समोर मोबाईल धरून उभी. "हाँ, हाँ, इधर देख, स्माइल! बस, हो गया, आ गया." मोबाईल खाली घेतला आणि तिथेच पाठ करून कुणाकुणाला पाठवत बसली. पोरगी वरच होती. मग ती उतरली, सावकाश, खांब सोडेपर्यंत पायाची बोटं ताणलेली. पाय जुळवले, इकडेतिकडे पाहिलं. बाकीची पोरं त्या मोबाईलभोवती गोळा झाली होती. नानांना आता लांबचं दिसत नाही. मी मांड्यांखालून हात काढले आणि टाळी वाजवली. पोरगी दचकली, मग हसली.

दुपारी जेवताना मी हे केतकीला सांगितलं. ती तूप वाढत होती, थांबली.

"उतरताना पाय जुळले होते?"

"जुळले होते."

"टाळी?"

"वाजवली ना मी."

"एकट्यानं?"

"हो."

तिने तुपाचं भांडं खाली ठेवलं. "मग ती सोडणार, बाबा," ती म्हणाली. "एका बापाच्या टाळीवर कोणी टिकत नाही."